काळजी घ्यायला येणाऱ्या व्यक्तीला लसीकरणाबद्दल विचारावे का, आणि विचारायचे तर कसे

माझ्या वडिलांचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आणि ते घरी आले, त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या मदतीसाठी दिवसभर थांबणाऱ्या एक ताई येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्या दारात चपला काढत असतानाच मी घाईघाईने विचारून टाकले, "तुम्ही लस घेतली आहे ना?" त्या म्हणाल्या, "हो, घेतली आहे." एवढ्यावर आम्हा दोघींनाही हायसे वाटले. दुपारी वडिलांची उशी सारखी करताना त्यांनी चटकन मान वळवली आणि कोपरात तोंड खुपसून खोकला दाबला, तेव्हा माझ्या लक्षात आले की कोणती लस, किती डोस, शेवटचा डोस कधी, यांपैकी काहीही मी विचारलेले नव्हते. त्या दिवशी खरोखर महत्त्वाचा असलेला प्रश्न, म्हणजे "आज तुमची तब्येत बरी आहे ना?", हा तर माझ्या मनातही आला नव्हता. त्यांचा घसा दोन दिवसांपासून दुखत होता, पण पहिल्याच दिवशी येत नाही म्हटले तर काम हातचे जाईल, या भीतीने त्या आल्या होत्या. वडिलांना त्यातून काही झाले नाही, हे आमचे नशीब.

घरात तान्हे बाळ असताना, कोणाचे कर्करोगाचे उपचार चालू असताना किंवा वृद्ध आईवडिलांसाठी पहिल्यांदाच मदतनीस ठेवताना ज्यांना हा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. मुळात असे विचारावे का, याचे माझे उत्तर असे: घरात सहज आजारी पडू शकेल अशी व्यक्ती असेल, आजार माणसाकडून माणसाला लागणारा असेल आणि मिळालेल्या उत्तराने आपल्या वागण्यात काही फरक पडणार असेल, तर जरूर विचारावे. यांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तरी विचारू नये, कारण मग आपण दुसऱ्याच्या शरीराविषयीची खासगी माहिती केवळ मनाच्या समाधानासाठी मागत असतो.

पायरी पहिली: जपायचे आहे ते कोणाला, हे ठरवा

तान्ह्या बाळाला डांग्या खोकल्याची लस साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर मिळू लागते आणि तिचे पहिले काही डोस पूर्ण व्हायला आणखी काही महिने जातात. फ्लूची लस सहा महिने पूर्ण होण्याआधी देत नाहीत. गोवराची लस त्या त्या देशाच्या वेळापत्रकाप्रमाणे नऊ महिन्यांनी किंवा वर्षाच्या सुमारास दिली जाते. म्हणजे आयुष्याच्या सर्वांत नाजूक काळात बाळाच्या स्वतःच्या अंगात ही संरक्षणे नसतात. आईने गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस घेतली असेल तर नाळेतून आलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) काही महिने उपयोगी पडतात. बाकी सारे भोवतालच्या माणसांवर अवलंबून असते.

रोगप्रतिकारशक्ती दडपलेल्या रुग्णाची अडचण निराळी आहे. केमोथेरपी चालू असलेले, मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपणानंतर कायमची औषधे घेणारे, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेणारे, अशा लोकांना लस दिली तरी शरीर तिला पुरेसा प्रतिसाद देईलच असे नाही, आणि गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लशी तर त्यांना सहसा देताच येत नाहीत. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात लहानपणी घेतलेल्या लशींचे संरक्षणही बऱ्याच अंशी पुसले जाते. माझे वडील सत्तरीला आले होते, पण लसीकरणाच्या दृष्टीने ते नवजात बालकासारखे होते आणि त्यांच्या सगळ्या लशी पहिल्यापासून पुन्हा द्याव्या लागणार होत्या. गरोदर स्त्रिया आणि वृद्ध हे यानंतरचे दोन मोठे गट आहेत. घरात यांपैकी कोणी नसेल आणि घरातल्या सर्वांच्या लशी वेळच्या वेळी झालेल्या असतील, तर कोणालाही असा प्रश्न विचारण्याचे कारण मला दिसत नाही.

या पायरीवर आणखी एक काम आहे आणि ते बहुतेक जण विसरतात. बाहेरच्या माणसाला विचारण्याआधी घरातल्यांच्या लशींची यादी करावी. बाळाला डांग्या खोकला लागतो तो बहुधा घरातल्याच कोणाकडून तरी. आई, वडील, मोठे भावंड, आजी-आजोबा. आठ तास येणाऱ्या ताईंना बूस्टर डोस कधी घेतला हे विचारायचे आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या काकांना विचारायचेच नाही, यात न्याय नाही आणि उपयोगही नाही. आमच्या घरी ही यादी केली तेव्हा मी स्वतः त्या वर्षीची फ्लूची लस घेतलेली नव्हती. ताईंशी पुन्हा बोलण्याआधी मी ती घेऊन आले, आणि त्यानंतरचे बोलणे सोपे झाले.

पायरी दुसरी: कोणत्या आजाराबद्दल विचारायचे ते नक्की करा

"लस घेतली आहे का?" हा अर्धवट प्रश्न आहे. कोविडच्या साथीपासून "लस" म्हणजे कोविडचीच लस असे अनेकांच्या मनात बसले आहे, त्यामुळे समोरची व्यक्ती प्रामाणिकपणे "हो" म्हणते आणि आपण भलत्याच आजाराबाबत निर्धास्त होतो. आजाराचे नाव घेऊन विचारावे. त्यासाठी प्रत्येक आजाराबाबत लस काय करू शकते, हे थोडे तरी माहीत असायला हवे.

गोवर हा माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एका रुग्णाकडून सरासरी १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते असे मानले जाते, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. शिवाय पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण इतरांना आजार देऊ लागतो, म्हणजे त्या काळात त्याला नुसती सर्दी आणि ताप आहे असे वाटते. मात्र लसही तितकीच चांगली आहे: एका डोसने सुमारे ९३ टक्के आणि दोन डोसांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळते आणि ते बहुतेकांना जन्मभर पुरते. दोन डोस घेतलेली व्यक्ती गोवर घरात आणण्याची शक्यता फारच कमी असते, म्हणून गोवराबाबत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरोखर भरवशाचे असते.

डांग्या खोकल्याचे तसे नाही. त्याची लस घेतल्याने किंवा तो आजार होऊन गेल्यानेही कायमचे संरक्षण मिळत नाही. काही वर्षांत ते ओसरते. मोठ्या माणसाला तो झाला तर पहिला आठवडा-दोन आठवडे साध्या सर्दीसारखे जातात आणि नेमक्या याच काळात तो सर्वांत जास्त पसरतो. पुढे कित्येक आठवडे रेंगाळणारा खोकला येतो, जो हवामानावर किंवा धुळीवर ढकलून माणूस कामावर जात राहतो. बाळात हाच आजार वेगळ्या रूपात दिसतो. फार लहान बाळाला खोकल्याची ती ओळखीची उबळ येईलच असे नाही. ते दूध पिता पिता थांबते, श्वास घ्यायचे विसरल्यासारखे निपचित होते आणि ओठांभोवती निळसर झाक येते. हे चित्र डोळ्यांसमोर आणले की बाळाला दिवसभर मांडीवर घेणाऱ्या व्यक्तीला या लशीबद्दल विचारण्याचा संकोच आपोआप कमी होतो. तरीही हे लक्षात ठेवावे की ही लस घेतलेल्या व्यक्तीच्या घशात जंतू असूच शकत नाहीत असे नाही. म्हणून या आजाराबाबत लशीइतकाच "सध्या खोकला आहे का?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

घरात गरोदर स्त्री असेल तर रुबेलाचा विचार करावा लागतो. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आले की जन्मतः मोतीबिंदू असलेल्या अनेक बाळांच्या मातांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. मोठ्यांना जेमतेम दोन-तीन दिवस त्रास देणारा हा आजार पहिल्या तीन महिन्यांतील गर्भाचे डोळे, कान आणि हृदय यांची कायमची हानी करू शकतो. रुबेला झालेल्या बऱ्याच जणांना काही लक्षणेच दिसत नाहीत, त्यामुळे "मी तर ठणठणीत आहे" या उत्तरावर विसंबता येत नाही. सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्या स्त्रीने गरोदरपणाच्या आधीच स्वतःची प्रतिकारशक्ती तपासून लस घेणे, कारण ही लस गरोदरपणात देत नाहीत. ती वेळ निघून गेली असेल तर रोज जवळ असणाऱ्या मदतनीस व्यक्तीला, विशेषतः ती लहान मुलांच्या घरांतही काम करत असेल तर, विचारणे योग्य आहे.

फ्लूच्या लशीचे यश दर हंगामात बदलते. लस आणि फिरता विषाणू यांचा मेळ चांगला जमला तर डॉक्टरांकडे जावे लागेल इतका आजार होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी घटतो, आणि लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे गेल्या वर्षीच्या लशीला फारसा अर्थ नसतो. "या हंगामाची घेतली आहे का?" असेच विचारावे.

कोविडबाबत मला स्पष्ट लिहावेसे वाटते, कारण हा प्रश्न सर्वांत जास्त तिथेच विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत कमी कामाला येते. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपवली. विषाणू मात्र गेलेला नाही. त्याची लस गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून चांगले संरक्षण देते, पण साधी लागण थांबवण्याची तिची ताकद काही महिन्यांत उतरते. काही वर्षांपूर्वी दोन डोस घेतलेल्या व्यक्तीला आज कोविडची लागण होणार नाही किंवा तिच्याकडून तो पसरणार नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. अलीकडे घेतलेला डोस असेल तर त्याचा काही उपयोग आहे. एरवी मास्क, उघडी खिडकी आणि लक्षणे असताना न येणे यांचा उपयोग अधिक आहे.

कांजिण्यांबाबत लस किंवा लहानपणी होऊन गेलेला आजार, दोन्ही चालतात. रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाजवळ येणाऱ्याला नागीण झाली असेल तर फोडांवर खपली धरेपर्यंत दूर राहायला सांगावे, कारण त्या फोडांतील विषाणूमुळे प्रतिकारशक्ती नसलेल्याला कांजिण्या होऊ शकतात.

काही लशींबद्दल विचारण्यात अर्थच नाही. धनुर्वात माणसाकडून माणसाला लागत नाही, म्हणून मदतनीस व्यक्तीने धनुर्वाताचे इंजेक्शन घेणे तिच्या स्वतःच्या हिताचे आहे, आपल्या संरक्षणाशी त्याचा संबंध नाही. बीसीजीची खूण दंडावर आहे का, हे पाहूनही काही कळत नाही. ती लस लहान मुलांना क्षयरोगाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, पण प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयरोगाला खात्रीने रोखत नाही. क्षयरोगासाठी विचारायचे ते दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, वजनात घट आणि रात्रीचा घाम यांबद्दल.

दाढी करणारे, गोंदणारे, कान टोचणारे, दंतवैद्य यांच्याबाबत लोक हिपॅटायटिस बीच्या भीतीने विचारतात. सेवा देणाऱ्याने ती लस घेतली असेल तर मुख्यतः तोच सुरक्षित राहतो. आपल्याला धोका असतो तो आधीच्या ग्राहकाचे रक्त लागलेल्या पात्याचा किंवा सुईचा, आणि हा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस टिकू शकतो. तेव्हा तिथे नवे पाते आपल्यासमोर फोडले जाते का, अवजारे निर्जंतुक कशी करतात, हे विचारावे आणि हिपॅटायटिस बीची लस आपण स्वतः घ्यावी.

पायरी तिसरी: सहवास किती आणि कसा, हे पाहा

अंतर, वेळ आणि हवा या तीन गोष्टी बघाव्यात. बाळाला दिवसभर सांभाळणाऱ्या ताई, रुग्णाला अंघोळ घालणारे आणि भरवणारे मदतनीस, घरी येणारी परिचारिका, छातीचा व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट, बंद खोलीत तासभर समोरासमोर बसणारे शिक्षक, यांना विचारणे योग्य आहे. नळ दुरुस्त करायला आलेला कारागीर किंवा सामान पोहोचवणारा मुलगा यांना विचारू नये. त्यांच्यासाठी रुग्णाची खोली बंद ठेवावी, काम चालू असताना आणि नंतर काही वेळ खिडक्या उघड्या ठेवाव्यात, फार नाजूक परिस्थितीत मास्क लावण्याची विनंती करावी. एवढ्याने भागते.

रुग्णालय किंवा दवाखान्यातील कर्मचाऱ्यांबाबत मात्र त्या एकट्या व्यक्तीला गाठून विचारण्यापेक्षा संस्थेला विचारलेले बरे. "रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांजवळ काम करणाऱ्यांसाठी तुमच्याकडे लसीकरणाचा काय नियम आहे?" असा प्रश्न प्रमुख परिचारिकेला किंवा संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणाऱ्यांना विचारता येतो. त्या एका कर्मचाऱ्याची माहिती ते देणार नाहीत, द्यायलाही नको, पण नियम सांगतील. मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेकडून कोणी येणार असेल तर नोंदणी करतानाच ही अट कळवावी, म्हणजे दारात आलेल्या माणसाला परत पाठवण्याची वेळ येत नाही.

पायरी चौथी: उत्तर आल्यावर काय करणार, हे विचारण्याआधीच ठरवा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्यावा, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. उत्तर "नाही" असे आले तर आपण नेमके काय करणार? काम देणार नाही? लस घेईपर्यंत थांबणार? मास्क लावून काम करू देणार? बाळाऐवजी घरातले दुसरे काम देणार? की काहीच न करता मनात धाकधूक घेऊन बसणार? हे शेवटचे होणार असेल तर विचारू नये. आमच्या घरी आम्ही हे कागदावर लिहून काढले होते: फ्लूची चालू हंगामातील लस नसेल तर ती घेण्याचा खर्च आम्ही करायचा, मधल्या दोन आठवड्यांत मास्क लावायचा, गोवराबाबत काहीच माहीत नसेल तर डॉक्टरांना विचारायचे, आणि कोणी कोणतीही लस घ्यायला तयार नसेल तर ती व्यक्ती कितीही चांगली असली तरी वडिलांच्या खोलीतले काम तिला द्यायचे नाही. ठरवलेले असले की बोलताना आवाज चढत नाही आणि समोरच्या व्यक्तीलाही आपण तिची परीक्षा घेत आहोत असे वाटत नाही.

कायद्याचा भाग देशोदेशी वेगळा आहे. घरमालकाने नोकरीच्या अटी म्हणून काय विचारावे, काय नोंदवून ठेवावे, नकार दिला म्हणून काम नाकारता येते का, याचे नियम आपल्या भागात काय आहेत ते कायमस्वरूपी माणूस ठेवण्याआधी समजून घ्यावे. ग्राहकाने प्रश्न विचारणे आणि मालकाने माहिती सक्तीने मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समोरच्या व्यक्तीला उत्तर न देण्याची मोकळीक असते, हे गृहीत धरून चालावे.

पायरी पाचवी: विचारा, पण आधी कारण सांगा

वेळ निवडावी ती काम ठरण्याच्या आधीची, शक्यतो फोनवरची. दारात, शेजाऱ्यांसमोर किंवा बाळ तिच्या हातात दिल्यावर विचारू नये. पहिल्या वेळी मी केलेली चूक हीच होती. दुसऱ्यांदा बोलताना मी ताईंना बसायला सांगितले आणि साधारण असे म्हणाले: "ताई, बाबांचे प्रत्यारोपण झाले आहे, त्यामुळे त्यांच्या अंगात सध्या कोणत्याच आजाराशी लढण्याची ताकद नाही. आम्ही घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली आहे. तुम्ही या हंगामात घेतली आहे का? नसेल तर डॉक्टरांना विचारून आपण सोय करू, तो खर्च आमचा आणि त्या दिवसाचा पगारही कापणार नाही." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, असे कोणी सांगितलेच नाही मला. मागच्या घरी नुसतेच कार्ड दाखवा म्हणाले होते."

या बोलण्यात तीन गोष्टी आहेत: कोणासाठी विचारत आहोत, आम्ही स्वतः काय केले आहे आणि उत्तर नकारार्थी असले तरी पुढचा मार्ग काय आहे. परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याशी बोलताना इतके समजावून सांगावे लागत नाही, "बाळ पाच आठवड्यांचे आहे, तुमचा डांग्या खोकल्याचा बूस्टर केव्हा झाला होता?" असे सरळ विचारले तरी ते राग मानत नाहीत, कारण त्यांच्या कामात ही विचारपूस रोजचीच असते. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र तर कित्येक देशांच्या सीमेवर दाखवावेच लागते. विचारणे हा अपमान नाही. विचारण्याच्या पद्धतीने तो होतो.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. लस घेतली नाही असे कळले तर "का?" असे विचारू नये. गरोदरपण, ॲलर्जी, एखादा जुना आजार, चालू औषधे अशी अनेक कारणे असू शकतात आणि ती आपल्याला सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. आपण फक्त एवढे सांगावे की या घरातल्या या कामासाठी ती लस आवश्यक आहे, आणि ठरवलेला पर्याय समोर ठेवावा.

पायरी सहावी: उत्तर नीट ऐका

"हो, घेतली आहे" हे उत्तर बहुतेक वेळा पुरेसे मानावे. प्रमाणपत्र मागण्याची वेळ फार थोड्या घरांवर येते; प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांनीच तसे सुचवले असेल तर ते सांगून मागावे, पाहून परत द्यावे.

"आठवत नाही" हे उत्तर सर्वांत जास्त येते आणि ते खोटे नसते. लहानपणी घेतलेल्या लशींचे कार्ड कितीजणांकडे असते? अशा वेळी गोवर-रुबेलासाठी रक्ताची प्रतिपिंड तपासणी करता येते, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने आणखी एक डोस घेता येतो; आधी घेतलेली असताना पुन्हा घेतल्याने सहसा काही अपाय होत नाही. या लशी जिवंत विषाणूच्या असल्याने गरोदर असलेल्या किंवा तशी शक्यता असलेल्या स्त्रीने त्या घेऊ नयेत, म्हणून हा निर्णय आपण घरी न घेता तिने तिच्या डॉक्टरांशी एकांतात बोलून घ्यावा.

"सांगायचे नाही" हेही एक उत्तर आहे. ते ऐकून वाद घालू नये. उत्तर "नाही" असे धरून चौथ्या पायरीवर जे ठरवले असेल ते करावे, आणि काम देता येत नसेल तर कारण लपवून दुसरीच सबब सांगू नये.

ज्यांना लशीची भीती वाटते, त्यांचा प्रश्न एका भेटीत सुटत नाही. अफवांची खिल्ली उडवल्याने कोणी लस घेतल्याचे मी पाहिलेले नाही. त्यांच्या विश्वासातल्या डॉक्टरांशी किंवा आरोग्यसेविकेशी गाठ घालून द्यावी आणि त्यांना वेळ द्यावा. तोवर रुग्णाची व्यवस्था दुसरीकडून करावी.

पायरी सातवी: आजारपणाच्या सुट्टीचे ठरवून टाका

लसीकरणाच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा या एका करारामुळे घरात आजार शिरणे जास्त थांबते, असे मला मनापासून वाटते. ताप, नवा खोकला, घसादुखी, जुलाब, उलट्या, अंगावर पुरळ यांपैकी काहीही असेल तर येऊ नये, सकाळी फोन करून कळवावे, आणि त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे. पगार कापणार असू तर बाकीची वाक्ये बोलूच नयेत. ज्या माणसाचे घर रोजच्या कमाईवर चालते त्याने सर्दी लपवली तर त्यात त्याचा दोष नाही. लपवायला आपणच भाग पाडलेले असते. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस आजार पसरवू शकतो, तेव्हा दोन-चार दिवसांच्या भरपगारी रजेचा खर्च रुग्णालयाच्या एका रात्रीपुढे काहीच नाही.

यासाठी पर्यायी व्यक्तीची सोय आधी करून ठेवावी लागते. ती नसेल तर खोकणाऱ्या ताईंना आपणच "आजचा दिवस या, उद्या नका येऊ" असे म्हणून बसतो. हा नियम दोन्ही बाजूंनी पाळावा: आपल्या घरात कोणाला ताप किंवा पुरळ असेल तर तेही येणाऱ्या व्यक्तीला आदल्या दिवशी कळवावे, कारण तिच्याही घरी तान्हे बाळ किंवा आजारी आई असू शकते.

रोज दारात आल्यावर हात साबणाने धुणे, रुग्णाच्या खोलीत मास्क आणि "आज बरे वाटते आहे ना?" हा प्रश्न, एवढे तीन नेम आमच्या घरी राहिले. हा प्रश्न मी ताईंना विचारत असे आणि त्या मला.

नोंद किती ठेवावी

लशीचे नाव आणि तारीख, एवढीच नोंद पुरते आणि तीही सांगणाऱ्याच्या परवानगीने. प्रमाणपत्राचा फोटो कुटुंबाच्या गटात टाकू नये, शेजारच्यांना सांगू नये, दुसऱ्या मदतनीस व्यक्तीसमोर त्याचा उल्लेख करू नये. फ्लूसाठी दर हंगामाच्या सुरुवातीला एकदा आठवण करावी. गोवर-रुबेलाचे दोन डोस झाल्याचे एकदा कळले की पुन्हा विचारण्याची गरज नाही. रुग्णाच्या औषधांत बदल झाला किंवा बाळाच्या लशी पूर्ण झाल्या की कोणती अट अजून लागू आहे ते डॉक्टरांना विचारून यादी कमी करत जावी आणि तसे त्या व्यक्तीलाही सांगावे. काम संपवून ती जाईल त्या दिवशी ती नोंद तिच्यासमोर फाडावी किंवा फोनमधून पुसून टाकावी.